नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांसाठी दोन दिवसांचं रिट्रीट: वेळापत्रक पक्कं करण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की तुम्ही आणि ओळखीतल्या मिळून बारा जणी, कुणी डॉक्टर, कुणी वकील, तिघी-चौघी ऑफिसात बऱ्यापैकी वरच्या जागेवर, वीकेंडला बाहेर राहायला जाणार आहात, विषय ठरलाय 'क्रिएटिव्हिटी आणि वेलबीइंग', शुक्रवारी रात्री पोचायचं आणि शनिवारी सकाळी सहापासून रविवारी संध्याकाळी सातपर्यंत तुम्ही अकरा सेशन्स बसवलेत. योगा, ध्यान, जर्नलिंग, पेंटिंग, चाकावरची पॉटरी, व्हिजन बोर्ड (आपल्या ध्येयांची चित्रं चिकटवलेला बोर्ड), शेअरिंग सर्कल (गोल बसून मनातलं बोलणं), सगळं आहे. तुमचं विचारणं असं की यात काही राहिलंय का, आणि निम्म्या जणी आत्तापासूनच 'मला चित्र वगैरे काही जमत नाही हं' म्हणतायत त्यांचं काय करायचं.

मी गेली चौदा वर्षं अशी छोट्या गटांची निवासी शिबिरं घेतेय, त्यातली बहुतेक नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांचीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निवांत असाल तेव्हा वाचा.

राहिलेलं काहीच नाही, उलट फार जास्त झालंय, आणि हे तुम्हालाही कुठेतरी खटकत असणार, नाहीतर विचारलंच नसतंत. पण अकराची सात केली की प्रश्न सुटला असंही नाही. तुमच्या गटातल्या सगळ्याजणी वेळापत्रक पाळण्यात पटाईत आहेत, वर्षानुवर्षं तेच तर करतायत. तुम्ही अकरा सेशन्स ठेवा, त्या अकराही सेशन्सना वेळेवर येतील, मनापासून भाग घेतील, फोटो काढतील, रविवारी 'मस्त झालं गं' म्हणतील आणि सोमवारी सकाळी शुक्रवारइतक्याच दमलेल्या असतील. मी सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच करत होते, वेळापत्रक गच्च भरलेलं असलं म्हणजे आलेल्यांना पुरेपूर दिलं असं वाटायचं, आणि महिन्याभराने कुणाला फोन केला की कळायचं, त्यातलं त्यांच्याजवळ काहीच उरलेलं नाही.

माझ्या अनुभवात खरी अडचण अशी की या बायकांच्या दोन सवयी इतक्या अंगात मुरलेल्या असतात की त्या कुठेही गेल्या तरी सोबत येतात. एक म्हणजे, मी जे काही करीन ते कुणीतरी बघणार आणि त्यावर मत बनवणार. दुसरी, इथे कुणाला काही कमी-जास्त लागलं तर ते मीच बघायचं. या दोन सवयींवरच त्यांनी करिअर आणि घर दोन्ही उभं केलंय, त्यामुळे त्या वाईट म्हणता येत नाहीत, पण त्या चालू असताना विश्रांतीही होत नाही आणि हातातून नवीन काही येतही नाही. दोन दिवस या दोन गोष्टी खाली ठेवता याव्यात एवढंच तुमच्या रिट्रीटचं काम आहे, आणि पुढे जे लिहितेय ते सगळं यावरूनच ठरतं.

आता काही गोष्टी तुमच्या गटावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. या बारा जणी एकमेकींना किती ओळखतात? त्यातली कुणी दुसरीच्या हाताखाली काम करते का? हे नक्की बघा, कारण बॉस समोर बसलेली असताना ज्युनिअर मनमोकळं बोलेल अशी अपेक्षाच करू नये, आणि बॉसलाही मोकळं होता येत नाही, ती बिचारी दोन दिवस बॉसच राहते. कुणाच्या घरी अगदी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का? कुणी नुकतंच जवळचं माणूस गमावलंय का? असं असेल तर वेळापत्रक तेच राहू दे, पण त्या व्यक्तीशी आधी एकटीने बोलून घ्या.

आणखी एक. दमलेली असणं आणि बर्नआउट यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना तो आजार म्हटला नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हटलं, आणि तीन खुणा सांगितल्या: पूर्ण गळून जाणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. यातली मेख अशी की कारण कामाच्या ठिकाणच्या न आटोपलेल्या ताणात आहे, म्हणजे दोन दिवस रंगात हात घालून ते जाणार नाही. तुमच्यातल्या कुणाला या तिन्ही खुणा असतील तर तिला रिट्रीटला जरूर आणा, पण 'इथून फ्रेश होऊन जाशील' असं आश्वासन देऊ नका, कारण तसं झालं नाही तर ती तेही स्वतःचंच अपयश धरते. असं दोनदा घडताना पाहिलंय, तेव्हापासून माझ्या माहितीपत्रकात 'फ्रेश', 'नवी तू' असले शब्द मी ठेवत नाही.

बरं, आता सुरुवात. रिट्रीट शनिवारी सुरू होतं असं आपल्याला वाटतं, पण ते शुक्रवारी दुपारी सुरू व्हायला हवं, प्रत्येकीच्या स्वतःच्या टेबलावर. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ते काम पूर्णच करावं लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी मनातली भुणभुण बरीच थांबते. मी याचा सरळ उपयोग करते. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एक मेसेज जातो, की अर्धा तास काढा, डोक्यात जे जे लोंबकळतंय ते कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे वार आणि वेळ लिहा. 'क्लायंटला उत्तर' एवढंच नको, 'सोमवारी साडेदहाला क्लायंटला उत्तर' असं. तो कागद घडी घालून पाकिटात टाकायचा आणि सोबत आणायचा. आल्यावर पाकिटं एका टोपलीत जातात आणि रविवारी निघताना परत मिळतात. फार साधी गोष्ट आहे, पण ते पाकीट टोपलीत टाकताना बायकांचे खांदे खाली येतात ते मी डोळ्यांनी बघते.

फोन गोळा करू नका. मी केले होते, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं होती त्या दोन दिवस माझ्यावर नजर ठेवून होत्या, की फोन वाजला तर मला कळेल का. त्यापेक्षा एकच नंबर सगळ्यांच्या घरी देऊन ठेवा, जागेच्या व्यवस्थापकाचा किंवा सोबत येणाऱ्या कुणाचा, अगदी अडचण आली तरच यावर करा म्हणावं, आणि बाकी फोन आपापल्या खोलीत. दुपारी आणि रात्री अर्धा-अर्धा तास मोकळा ठेवा. बंदी घातली की मन तिकडेच जातं, वेळ ठरवून दिली की बऱ्याच जणी दुसऱ्या वेळेला फोन बघायचंच विसरतात.

पहिली रात्र. शनिवारी सकाळी सहाला योगा ठेवलाय तो काढून टाका, अगदी हात जोडून सांगते. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे, आणि २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांच्या टीमने मोजूनही दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो. म्हणजे तुमच्या बारा जणी शनिवारी सकाळी अर्धवट झोपेत असणार. मी शनिवारी सकाळी नऊपर्यंत काहीच ठेवत नाही. ज्यांना पहाटे उठायची सवय आहे त्या उठून आपापल्या फिरून येतात, बाकीच्यांना झोपू द्या. आणि प्रत्येकीला स्वतःची उशी आणायला सांगा, हसतील पण आणतील.

आता त्या दुसऱ्या सवयीबद्दल, म्हणजे सगळ्यांचं बघण्याच्या, कारण ती पहिल्या तासातच समोर येते. एका शिबिरात एक मोठ्या हुद्द्यावरची बाई होती, कामात तिचा दबदबा असणार हे चालण्यावरूनच कळायचं. पेंटिंगला सुरुवात होऊन दहा मिनिटं झाली असतील, तिने आपल्या कागदावर एक निळा पट्टा ओढला आणि उठली. आधी शेजारणीचं गढूळ पाणी बदलून दिलं, मग टेबलावर सांडलेला रंग पुसला, मग सगळ्यांचे वापरलेले ब्रश गोळा करून नळाखाली धरले, एकेका ब्रशचे केस बोटांनी दाबून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चाळीस मिनिटं. कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नाही, उलट सगळ्या 'थँक्यू, किती करतेस' म्हणत होत्या. शेवटी तिच्या कागदावर तो एक निळा पट्टाच होता. मी तेव्हा गप्प बसले, ते चुकलंच, कारण तिला दोन दिवसांतला तो एकच वेळ स्वतःसाठी मिळाला होता आणि तो मी तिला भांडी घासण्यासारख्या कामात घालवू दिला.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. एक, प्रत्येकीचं सामान स्वतंत्र, स्वतःच्या दोन पाण्याच्या बरण्या, स्वतःचे ब्रश, स्वतःचं फडकं, टेबलावर सामाईक काहीच नाही, त्यामुळे कुणाला कुणाचं बघायची गरजच पडत नाही. दुसरं, आवराआवरीला बाहेरचं माणूस असतं आणि ते मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगते, की या दोन दिवसांत उठून दुसरीला काही आणून द्यायचं नाही, वाढायचं नाही, उचलायचं नाही, ज्या त्या व्यक्तीने स्वतःचं घ्यायचं. ऐकायला जरा कोरडं वाटतं. पहिल्या जेवणाला तर हात नुसते शिवशिवत असतात. पण रविवारपर्यंत चेहरे सैल होतात, आणि एखादी म्हणते की आपण शेवटचं जेवण कधी बसून, मध्ये न उठता जेवलो ते आठवतच नाही.

'मला चित्र जमत नाही' याचं उत्तरही पहिल्या सवयीत आहे. या बायका कामात हुशार आहेत, आणि जिथे आपण हुशार नाही तिथे चारचौघांत हात घालायची त्यांची वेळ वीस वर्षांत आलेली नसते. 'जमत नाही' म्हणजे 'कुणी बघेल' असंच असतं बहुतेक वेळा. थेरेसा अमाबिले यांचा १९७९ चा एक प्रयोग मला फार उपयोगी पडलाय. विद्यार्थिनींना कागदाचं कोलाज करायला दिलं, काहींना आधीच सांगितलं की तुमच्या कामाचं मूल्यमापन होणार आहे, काहींना तसं काही सांगितलं नाही. मूल्यमापन होणार हे माहीत असलेल्यांची कोलाज एकंदरीत कमी सर्जनशील ठरली. कोलाज तेच, कागद तेच, फक्त कुणीतरी तपासणार ही जाणीव मध्ये आली.

म्हणून माझ्या शिबिरात पेंटिंगला फॅसिलिटेटर, म्हणजे सेशन घेणारी, 'छान' म्हणत नाही. यावर मला बऱ्याचदा विचारतात, की कौतुकाने हुरूप येतो ना? येतो, पण 'छान' हाही निकालच आहे, एकीला छान म्हटलं की बाकी अकराजणींच्या हातातला ब्रश अवघडतो, आणि जिला म्हटलं ती पुढचा कागद तसाच करायला बघते. बोलायचंच असेल तर जे दिसतंय ते बोला, 'इथे हिरवा पार कडेपर्यंत गेलाय' एवढंच. शेवटी प्रदर्शन नको, ग्रुपवर फोटो नकोत, आणि 'हे काय काढलंयस?' हा प्रश्न तर मुळीच नको.

सुरुवात कशी करायची, तर मोठा पांढरा कागद समोर ठेवू नका, त्याने भलेभले गार पडतात. मी जाड कागदाचे पोस्टकार्डाएवढे वीस तुकडे प्रत्येकीला देते, दोनच रंग, आणि एका तुकड्याला दोन मिनिटं. झालं की पालथा घालायचा, पुढचा घ्यायचा. पहिले चार-पाच तुकडे अगदी जपून केलेले असतात, सूर्य, डोंगर, फूल. सातव्या-आठव्याला कंटाळा यायला लागतो. बाराव्यानंतर हात सुटतो, कारण आता चांगलं काढायला वेळही नाही आणि उत्साहही नाही, आणि तिथून खरं काहीतरी यायला लागतं. एका चार्टर्ड अकाउंटंट बाईंनी चौदाव्या तुकड्यावर नुसत्या उभ्या रेघा मारल्या, एकीला एक चिकटून, कागदाच्या बाहेर टेबलावर गेल्या तरी थांबल्या नाहीत, आणि मग तो तुकडा पालथा न घालता बराच वेळ बघत बसल्या. मी काही विचारलं नाही. रविवारी तेवढा एक तुकडा त्यांनी पर्समध्ये टाकला, बाकीचे एकोणीस तिथेच ठेवून गेल्या.

आणि 'जमत नाही' म्हणणाऱ्यांना हेही सांगा, खरंच सांगण्यासारखं आहे. ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ जणांकडून ४५ मिनिटं कलेचं काम करून घेतलं, रंगीत पेनं, माती, कोलाज, जे हवं ते, आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं. साधारण पंचाहत्तर टक्के लोकांचं कॉर्टिसोल कमी झालं, आणि आधी कलेचा अनुभव होता की नव्हता याने त्यात फारसा फरक पडला नाही. छोटा अभ्यास आहे, त्यावरून आभाळाएवढे दावे करू नयेत, पण शरीराला सैल व्हायला चित्र चांगलं यावं लागत नाही एवढं यातून नक्की सांगता येतं.

चाकावरची पॉटरी काढा असं मी म्हणेन. चाकावर माती मध्यावर आणणं हेच शिकायला कित्येक आठवडे जातात, एका तासात बहुतेकींची माती भेलकांडते, मग शिकवणारा पुढे होऊन स्वतःच भांडं उभं करून देतो आणि ती फोटोपुरते हात लावते. त्याऐवजी मूठभर माती द्या आणि अंगठ्याने दाबत दाबत वाटी करू द्या, डोळे मिटूनही करता येते. वाटी दोन दिवसांत पूर्ण वाळणार नाही हे लक्षात ठेवा, ओलसर भांडं भट्टीत गेलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं, त्यामुळे रविवारी हातात भाजलेली वस्तू मिळणार नाही. मला स्वतःला ते बरंच वाटतं. हातात न्यायला काही नाही हे आधीच माहीत असलं की बायका मातीशी नुसत्या खेळतात.

व्हिजन बोर्डही मी ठेवत नाही. काहींना आवडतो, आणि ज्यांना कामाची दिशाच बदलायची आहे त्यांना पुढे-मागे उपयोगही होत असेल. पण वर्षभर टार्गेटं आणि आढावा बैठका करून आलेल्या बाईला सुट्टीच्या दिवशी परत ध्येयं चिकटवायला बसवणं मला पटत नाही.

जर्नलिंग ठेवा, पण जपून. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये यावर पहिला प्रयोग केला, त्यात विद्यार्थी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातल्या खोलवरच्या गोष्टी लिहायचे. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या तब्येतीच्या तक्रारी कमी झाल्या हे सगळीकडे सांगितलं जातं, पण लिहिल्या-लिहिल्या लगेच त्यांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं हे सांगायचं राहून जातं. आयोजकाने लक्षात ठेवायचा भाग हाच आहे. म्हणून लिहिणं रात्री झोपायच्या आधी नको, शनिवारी संध्याकाळी उजेड असताना ठेवा, त्यानंतर जेवण, गप्पा, चालणं असं काहीतरी असू द्या. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं नाही, हे आधीच सांगा, तरच खरं लिहिलं जातं. आणि जो विषय काढला की हातपाय थरथरतात तो विषय तिथे उघडायचा नाही, दुसरा घ्यायचा, हेही सांगा. कुणी रडलं तर तिला रडू द्या, एकजण शेजारी बसा, उपदेश नको. आपण थेरपिस्ट नाही. गरज वाटली तर सोमवारनंतर ती कुणाकडे जाऊ शकेल अशी एक-दोन नावं तुमच्याजवळ तयार ठेवा.

ध्यानालाही हेच लागू आहे, काही जणींना शांत बसवलं की बरं वाटण्याऐवजी धडधड वाढते, त्यात त्यांचं काही चुकत नसतं. डोळे उघडे ठेवायची आणि उठून जायची मुभा सगळ्यांनाच असू द्या. शेअरिंग सर्कलमध्ये 'मी पास' म्हणता आलं पाहिजे, आणि ते सगळ्यात आधी आयोजकाने स्वतः म्हणून दाखवावं, नाहीतर ती मुभा कागदावरच राहते.

आता ज्यासाठी सगळ्यात जास्त भांडावं लागतं ती गोष्ट, रिकामा वेळ. शनिवारी दुपारी सलग तीन तास काहीही ठेवू नका. 'ऑप्शनल अ‍ॅक्टिव्हिटी' सुद्धा नको, कारण ऑप्शनल ठेवली की सगळ्या जणी येतात, न आल्या तर वाईट दिसेल म्हणून. हेल्महोल्ट्झ हे थोर शास्त्रज्ञ १८९१ मध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या भाषणात म्हणाले होते, की चांगल्या कल्पना त्यांना थकलेल्या डोक्याने कधी सुचल्या नाहीत आणि लिहायच्या टेबलाशीही नाहीत, त्या सुचल्या उन्हाच्या दिवशी झाडीच्या टेकडीवर सावकाश चढताना. पुढे ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले, त्यात आधी डोकं लावून केलेली तयारी आणि मग ते सोडून देऊन मुरत ठेवण्याचा काळ, हे दोन टप्पे सुचण्याच्या आधी येतात. तुमच्या बायकांची तयारी वीस-वीस वर्षांची झालेली आहे, मुरायला वेळ मात्र मिळालेला नाही.

पण एक सांगून ठेवते, त्या तीन तासांतला पहिला पाऊण तास अवघड जातो. बायका येऊन विचारतात, 'आता काय करायचंय?' बॅगा आवरल्या जातात, उगाच केस धुतले जातात. तुम्हालाही वाटेल की कंटाळल्या बिचाऱ्या, काहीतरी घेऊया. घेऊ नका. पाऊण-एक तासाने कुणी आडवी होते, कुणी भिंतीला टेकून नुसती बसते, दोघी लांबवर चालायला जातात. रविवारी 'सगळ्यात काय आवडलं' विचारलं की हेच तीन तास सांगणाऱ्या माझ्याकडे सगळ्यात जास्त आहेत.

तर इथवर जे लिहिलं त्याचं वेळापत्रक असं होतं. शुक्रवारी पोचणं, पाकिटं, जेवण, झोप. शनिवारी नऊनंतर हलका व्यायाम, मग वीस तुकड्यांचं पेंटिंग दीड तास, जेवण, तीन तास रिकामे, संध्याकाळी लिहिणं, जेवण, गप्पा. रविवारी सकाळी माती, मग परतायची तयारी, दुपारी दोनला निघणं. म्हणजे धरून पाचच गोष्टी. हे बरोबर बसतंय का बघायला मी एक चाळणी वापरते. सोनेन्टाग आणि फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाच्या थकव्यातून सावरण्याचे चार भाग सांगितले: कामापासून मन सुटणं, शिथिल होणं, काहीतरी नवं हाताला लागणं, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. तुमच्या अकरा सेशन्समध्ये पहिले तीन थोडेफार आहेत, चौथा कुठेच नाही. दर तासाला पुढे कुठे जायचं हे दुसरं कुणी ठरवतंय, मग ऑफिसपेक्षा वेगळं काय राहिलं?

रविवारी संध्याकाळी सातला संपवू नका. घरी पोचायला रात्र, सोमवारची तयारी, डबे, कपडे, आणि दोन दिवस न बघितलेलं घर, म्हणजे कमावलेलं सगळं त्या एका रात्रीत जातं. आणि तसंही सुट्टीचा परिणाम फार टिकत नाही, जेसिका डी ब्लूम यांनी मोठ्या सुट्ट्यांवर केलेल्या अभ्यासातसुद्धा कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच लोक पुन्हा आधीच्या पातळीवर आलेले दिसले. त्यामुळे दोन दिवसांतली गोष्ट महिनोन्महिने पुरेल असं धरून चालायचं नाही, घरी नेण्याजोगं छोटं काहीतरी हवं. रविवारी प्रत्येकीने आठवड्यातला एक अर्धा तास नेमका ठरवायचा, वार, वेळ आणि जागा, उदाहरणार्थ 'बुधवारी रात्री जेवण झाल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर', आणि निघताना दोन रंग, एक ब्रश आणि वीस कोरे तुकडे सोबत न्यायचे. सामान ड्रॉवरमध्ये गेलं की संपलं, टेबलावरच राहू द्या. घरच्यांना त्या अर्ध्या तासाबद्दल आधी सांगायचं, परवानगी मागायच्या सुरात नको, ऑफिसची मीटिंग जशी सांगतो तसं.

राहता राहिलं तुमचं स्वतःचं. तुम्ही टाकलेल्या आराखड्यात अकरापैकी नऊ सेशन्सपुढे 'जबाबदारी' म्हणून तुमचंच नाव आहे. आयोजन करायचं आणि स्वतःही विसावायचं हे एकाच वेळी होत नाही, मी बरीच वर्षं प्रयत्न करून बघितलाय. तुम्हाला आयोजकच राहायचं असेल तर तसं मनाशी पक्कं करा आणि तुमचा स्वतःचा दोन दिवसांचा आराम वेगळा, पुढच्या महिन्यात कधीतरी ठेवा. पण तुम्हालाही त्या बारा जणींमधली एक म्हणून जायचं असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून मला तसंच वाटलं, तर जागा आणि जेवणाचं बघायला एक माणूस, सेशन्स घ्यायला एक बाहेरची फॅसिलिटेटर ठरवा, त्यासाठी सेशन्स कमी करावे लागले तरी चालतील. ती नऊ नावं आधी खोडा, मग नवं वेळापत्रक इथेच टाका, मी नक्की बघेन.